अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल, तेवढंच. सारं गाव त्यांना साउंडवाले म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. आधी चिडवायला, मग जिभेला तेच वळण पडलं. आता माणूस नाही, पण जिभेचं वळण जात नाही. तर साउंडवाले म्हटलं की माझा नवरा समजावा.

अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. शेत थोडं. त्यात भाजीपाला आणि थोडं कांद्याचं बियाणं. जोडीला साउंड. एक मशीन, म्हणजे अँप्लिफायर, स्पीकरचे छातीएवढे दोन डब्बे, दोन भोंगे, माइक आणि पोतंभर वायरी. हळद, बारसं, साखरपुडा, सप्ताह, कुठंही बोलावलं की जायचं. मोठ्या डीजेपुढे आमच्या डब्ब्यांना कोण विचारतो! पण म्हातारी माणसं आवर्जून आम्हालाच बोलवायची, कारण आमच्याकडे कीर्तनातला शब्दन् शब्द कळायचा. साउंडवाल्यांना त्याचाच तोरा. "धडधड कोणीबी करते," म्हणायचे. "शब्द ऐकू आला पाह्यजे."

मी त्यांच्यासोबत जायचे. सुरुवातीला जेवणाचा डबा घेऊन, मग वायरी गुंडाळायला, आणि होता होता मशीनपाशीच बसायला लागले. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं तर घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, तुमची सून वायरीत हात घालते, शोभते का हे? सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी तिला म्हणाले, "चुलीत हात घालते तवा शोभते, मंग वायरीत काऊन नाई शोभत?" असा सासरा मला मिळाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर ओरडले ते वाचून कोणाला वाटेल, बाई कजाग आहे. आहेच मी कजाग. पण मामाजींवर माझा जीव होता आणि आहे.

डब्ब्यातून नको असलेले आवाज येतात ते दोन. एक घूं आणि एक सूं. महाराज गादीवर बसलेत, टाळकरी उभे आहेत, लोक खोकून-खाकरून तयार आहेत, आणि डब्ब्यातून भुंग्यासारखी घूं सुरू. सगळे मशीनकडे, म्हणजे माझ्याकडे, असे बघायचे जणू ती माझ्याच पोटातून येते आहे. पहिल्यांदा मी रडकुंडीला आले होते. साउंडवाले मात्र शांत. "घूं आली की भ्यायचं नाई," म्हणाले. "घूं म्हंजे कुठीतरी करंट चुकीच्या वाटेनं शिरला. एकेक पिन काढत जा. जी काढल्यावर घूं थांबली, चोर तिच्या मांगं हाये."

मग पुढं एकेक शिकवत गेले. माइकची वायर लाईटच्या वायरीला लागून पळवायची नाही, ओलांडायचीच तर आडवी ओलांडायची. साऱ्या पिना एकाच बोर्डावर लावायच्या. एक मंडपात आणि एक मंदिराच्या गाभाऱ्यात असं केलं की घूं आलीच म्हणून समजा. सैल जॅक दिसला तर आधी तो बदलायचा. आणि कुठल्या लोखंडाला हात लावून बघायचा तर उलटा लावायचा. तळहातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात मागं फेकला जातो.

"आन सूं?" मी विचारलं होतं.

"सूं डब्ब्याचा श्वास हाये. बटणं खालीवर करून दबवा लागते, पण सारी जात नाई. सूंच्या लयच मांगं लागलं तर शब्दबी जाते."

आणखी एक म्हणायचे, ते मला तेव्हा नुसतं बोलणं वाटायचं. पिन काढली, घूं थांबली, म्हणजे काम झालं असं समजू नको. आवाज गेला, करंट अजून तठीच हाये.

गेल्या वर्षी आखजीचा सण होऊन गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. बियाण्याच्या कांद्याचे गोंडे काढायचे राहिले होते. ऊन असं की चपलेतून पाय भाजावा. सकाळी शेतात गेले ते जेवायला आले नाहीत, म्हणून मामाजी बघायला गेले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली साउंडवाले पडलेले आणि शेजारी पाण्याची कॅन आडवी. ऊन लागलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामाजींच्या कानात ते शिरलंच नाही. माती होईपर्यंत आणि नंतरही ते एकच बोलत राहिले, "कॅन कोरडी होती. कॅन कोरडी होती." भेटायला आलेली माणसं रडायची, मी रडायचे, आणि मामाजी येईल त्याला त्या कॅनचं सांगायचे.

मुलगी पुण्याला कामाला असते. घरात राहिलो मी आणि मामाजी. साउंड बंद पडलं. मामाजींना कमी ऐकू येतं, टीव्हीवरचं संध्याकाळचं कीर्तन त्यांना नीट ऐकू यावं म्हणून साउंडवाल्यांनी टीव्हीतून एक लीड काढून मशीनला जोडून ठेवली होती. ती तशीच राहू दिली, सगळ्यावर जुनी चादर टाकली आणि त्या कोपऱ्याकडे बघायचं सोडलं. विकून टाक म्हणणारे पुष्कळ भेटले. मी कोणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

यंदा आखजी आली. शहरात तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्याकडे ती गेलेल्या माणसांची. नवी घागर भरून ठेवायची, तिच्यावर खरबूज, पुढं पान वाढायचं. आमरस, कुरडया, सेवया, चिंचवणी. ऐन उन्हाळ्यात गेलेल्यांना पाणी मिळावं, एवढंच त्या सणाचं म्हणणं. मी घागर भरली, मामाजींनी ती स्वतः पाटावर ठेवली. ठेवताना पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं आणि ते तसेच ओल्या पायांनी पानापाशी बसून राहिले. कावळ्यानं पण त्या दिवशी चांगली वाट बघायला लावली. मेला एरवी डोक्यावर बसतो.

जेवणं झाल्यावर मामाजी म्हणाले, "त्याची मशीन लाव वं माय. आज त्याचा दिवस हाये."

मी चादर काढली, धूळ पुसली, बटण दाबलं. टीव्ही अजून लावलाही नव्हता, आणि दोन्ही डब्ब्यांतून घूं आली. आयुष्यभर घूं ऐकलेली बाई मी, पण अशी नव्हती ऐकली. जाड, खालच्या आवाजातली. खिडकीची काच थरथरत होती. मामाजींनी डब्ब्यावर तळहात ठेवला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा आवाज हातानं ऐकू येतो. त्यांचा चेहरा बदलला. तेवढ्यात कूलर मंदावला, बल्ब मिणमिणला, घूं आणखी वाढली.

"खड्डा कोरडा झाला असन," मामाजी म्हणाले.

हा खड्डा म्हणजे आमच्या मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा. घरातला भलता करंट जमिनीत जावा म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात, त्यात लोखंडी पाईप पुरतात, वर पाणी ओतायला एक नरसाळं. माती वाळली की अर्थिंग चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात तिथं पाणी टाकावं लागतं. शेवटच्या उन्हाळ्यात तर साउंडवाले रोज टाकायचे आणि गावाला निघाले की बजावून जायचे, "बाबा, खड्ड्याले पाणी टाकजा, नाईतर लाईट मिणमिणते."

मामाजी उठले. मला वाटलं बादली घेतील. त्यांनी पाटावरची घागर उचलली. मी काही म्हणायच्या आत मागच्या दारानं बाहेरही गेले. मी मशीनपाशीच उभी. कूलरचा पंखा पुन्हा फिरायला लागला, आणि घूं खाली बसत गेली. रडणारं पोर पाजायला घेतलं की कण्हत कण्हत शांत होतं, तशी. मामाजी दारात आले, हातात रिकामी घागर.

"पाह्य," म्हणाले. "पाणी पेला आन चूप झाला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू? घूं म्हणजे काय हे मला पाठ होतं, तरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं, कूलर लावला, आणि मामाजींनी आपल्या हातानं मशीन चालू केलं. घूं. ते पाणी घेऊन गेले, घूं बसली. तिसऱ्या दिवशी तेच. मग दुपारचं दोनदा, तीनदा होऊ लागलं. त्याला पाजल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोट घेणं त्यांनी बंद केलं. एवढा बाजाराचा शौकीन माणूस, अमडापूरच्या बाजाराला जाईना. पारावर जाईना. नात्यातलं लग्न पिंपळगाव राजाला होतं, तिथंही जाईना.

"त्याले पाणी कोण देईन?" म्हणाले.

"मी देईन की, मामाजी."

"तुह्या हातानं तो पेत नाई."

हे मला लागलं. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लेला माणूस! मी भांडी आपटली, चुलीवर दूध उतू जाऊ दिलं, दिवसभर तोंड फुगवून बसले. आणि मजा अशी की रागात एकदाही मनात आलं नाही की अगं, तिथं कोणी नाहीच आहे. मी रुसले होते ते साउंडवाल्यांवरच.

शेजारीण म्हणाली, आत्मा अडकला असेल, एखाद्या भगताला दाखव. मी म्हटलं, "भगत काय पिना काढून पाह्यणार हाये का?" तिला वाटलं मी धीराची आहे. काय धीराची! दुपारी स्वयंपाकघरात पोळ्या करताना माझं ध्यान बैठकीकडेच असायचं. घूं सुरू व्हायच्या आधी डब्ब्यात एक बारीक खरखर यायची, साउंडवाले माइकवर बोलण्याआधी घसा साफ करायचे तशी. एकदा ती खरखर आली आणि माझ्या तोंडून गेलं, "आले, आले." हातात लाटणं तसंच घेऊन मी बैठकीच्या दारापर्यंत गेले. तिथं मामाजी डब्ब्यावर हात ठेवून बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून मला जागा केली. मी पळत परत आले. पोळी जळून कोळसा झाली होती.

मग एक दिवस डोकं फिरलं. मामाजींचे गाल आत गेले होते, ओठ कोरडे. म्हटलं, बाई, तुला शिकवलंय कशाला? मामाजी समोर असतानाच मी एकेक पिन काढायला घेतली. माइकची काढली, घूं तशीच. पेनड्राइव्ह वाजवायच्या डबीची काढली, तशीच. टीव्हीतून येणारी लीड उपटली आणि घूं कापल्यासारखी बंद झाली. लीड लावली, आली. काढली, गेली. उगाच नाही. टीव्हीच्या डिशचा खांब टिनाच्या शेडजवळ जमिनीत पुरलेला, आणि मशीनची अर्थिंग या खड्ड्यात. दोन ठिकाणची जमीन त्या लीडमधून एकमेकींना भेटत होती, आणि खड्ड्याकडून काहीतरी चढून येत होतं. चोर सापडला होता.

"काऊन बंद केलं त्याले?" मामाजी असे ओरडले की मी लीड हातातून टाकली. "त्याचं तोंड काऊन दाबलं?"

म्हातारा माणूस लेकरासारखा रडायला लागला. मी लीड पुन्हा लावली. घूं आली, ते डोळे पुसत पाण्याला गेले. त्या दिवशी मी पुढं काही शोधलं नाही. मामाजींची दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लीड काढल्यावर जी शांतता झाली ती मलाही सोसली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी वांगी तोडून घरी लवकर आले. बैठकीत घूं चालू होती, मामाजी नव्हते. मागं गेले तर ते खड्ड्यापाशी उकिडवे बसलेले. अनवाणी, चिखलात. तांब्या शेजारी आडवा. एका हातानं पाईप धरलेला, डोळे मिटलेले, आणि तो हात खांद्यापर्यंत थरथरत होता.

"मामाजी!"

"हळू वं," त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. दात एकमेकांवर आपटत होते. "हात धरला त्यानं. रोज धरते. लहानपणी बाजारात धरे, तसाच. आज लयच गच्च धरला."

मी ओढायला धावले आणि जागीच थांबले. मूठ आवळते, मग सुटत नाही. मी धरलं असतं तर मलाही धरलं असतं. घरात कशी शिरले, उंबरठ्याला ठेच लागून अंगठा कसा फुटला, काही कळलं नाही. मेनचा खटका खाली ओढला. घूं गेली, कूलर गेला, सारं घर एकदम मुकं झालं. बाहेर आले तेव्हा मामाजी चिखलात बसले होते, हाताकडे बघत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी असं कधी पाहिलं नव्हतं.

"काऊन मारलं त्याले?" म्हणाले.

मग मी ओरडले. सारी गल्ली गोळा होईल एवढं. "मेलेला अजून कसा मरन? तुमी मरत होते! करंट हाये तो, करंट! तुमाले काई झालं असतं तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?" ओरडता ओरडता मी रडायला लागले आणि चिखलात त्यांच्याजवळच बसले. त्यांच्या तळहातावर लाल वळ उठला होता आणि ते त्यावरून बोट फिरवत होते.

आवाज गेला, करंट अजून तठीच हाये. आता मला ते वाक्य कळलं. मेन खालीच ठेवून मी बोर्ड उघडला. आत, मीटरच्या मागच्या बाजूला, एक जोड होता. लाईटच्या खांबावरून येणारी परतीची तार, जिला न्यूट्रल म्हणतात, ती मोकळी लोंबत होती, आणि घरातली न्यूट्रल खड्ड्याच्या अर्थिंगला जोडलेली. मग आठवलं. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला खांबावर ठिणग्या उडाल्या, घरातले बल्ब फुटले. वायरमनला फोन केला तर तो आज येतो, उद्या येतो. साउंडवाले म्हणाले, तवरोक अर्थिंगवर चालवू. आमच्याकडे सारेच करतात असं. शेतात करतात, घरात करतात, आणि चाललं की विसरतात. लाईट लागते ना, बस. तेव्हापासून सारा करंट त्या खड्ड्यातून जमिनीत चालला होता. माती वाळली की त्याला जायला वाट मिळायची नाही, तो पाईपवर आणि मशीनवर चढायचा, कूलर चालू असला की जास्तच. पाणी टाकलं की उतरायचा.

जोडाला काळी टेप होती आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून शेपूट सोडलेलं होतं. ही साउंडवाल्यांची खूण. पक्क्या जोडाला ते टेप दाबून बसवायचे. जो उद्या काढायचा आहे त्यालाच शेपूट ठेवायचे, म्हणजे नखानं धरून सोडवता येतं.

वायरमनला मी फोनवर असं काही बोलले की तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. तोवर मी मेन कोणाला वर करू दिला नाही, रात्री कंदील लावला. मामाजी ओसरीवर पाठ करून झोपले. सकाळी वायरमन येईपर्यंत मी मागच्या अंगणातच होते. तो खांबावर चढला, जळकी तार कापून नवी जोडली. मी खालून त्याला सारं ऐकवलं. तो वरून म्हणाला, "वहिनी, अर्ध्या गावात असंच हाये." मी म्हटलं, "मंग अर्ध्या गावाच्या खांबावर चढ ना बे!" बोर्डातला जोड मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. तो मीच कापला, शेपटासकट, आणि पदराला बांधला.

मशीन लावलं. टीव्हीची लीड जागेवर. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. घूं नाही. डब्ब्याला कान लावला तर नुसती सूं, बारीक, श्वासासारखी. साउंडवाले असते तर म्हणाले असते, वा रे माही मिस्त्रीण. मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग घर इतकं रिकामं वाटलं की मी भिंतीला टेकले. वर्षापूर्वी त्यांना उचलून नेलं तेव्हाही घर असं रिकामं झालं नव्हतं.

दुपारी मामाजी तांब्या घेऊन मागं गेले. मी अडवलं नाही, आता पाईपमध्ये काही नव्हतं. त्यांनी पाणी टाकलं, पाईप धरला. थोडा वेळ धरून ठेवला. मग आत येऊन डब्ब्यावर तळहात ठेवून बसले. ऊन कललं तरी बसूनच होते. संध्याकाळी जेवले नाहीत.

मी त्यांच्याजवळ गेले आणि पदराच्या गाठीतून तो तारेचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपला. टेपचं शेपूट बोटाला लागलं आणि बोट तिथंच थांबलं.

"हे त्यानं बांधलं," म्हणाले.

"हाव. खांबावरची तार जळाली होती तवा. काढाचं राह्यलं. त्याच्यानंच घूं येत होती, मामाजी. त्याच्यानंच तुमचा हात..."

"म्हंजे त्याच्याच हातचं होतं."

"हाव."

"मंग तोच होता ना, माय."

मामाजींनी तुकडा बंडीच्या खिशात ठेवला आणि ताट मागितलं.

आता ते बाजारालाही जातात. खड्ड्याला पाणी टाकतात ते दुपारी एकदा, आणि स्वतःही पितात. संध्याकाळी डब्ब्यातून कीर्तन लागतं, शब्दन् शब्द कळतो. परवा ओसरीवर चहा पीत होतो. मामाजींनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुहा हात धरला होता का कधी त्यानं? त्या पाईपावर?"

करंट म्हणजे काय यावर त्यांना एवढं व्याख्यान देणारी मी. वायरमन यायच्या आधी, त्या सकाळी, मामाजी झोपेत होते. मी कूलर बंद आहे का ते बघितलं, मेन वर केला, मागं गेले. चपला काढल्या. खड्ड्याभोवतीचा चिखल थंड होता. पाईपला हात लावला तो उलटा नाही. तळहात.

"हाव," मी म्हटलं. "एकदा."

"गच्च?"

"नाई. हळू."

मामाजींनी मान हलवली. "तुले हळूच धरन तो," म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.